वरील मजकूर वाचला व समजला

प्रेमिला मिसचा माथा भडकला होता. का भडकू नये, तुम्हीच सांगा! सोमवारी शाळेला सुट्टी होती. ही सुट्टी पंधरा दिवस आधी छापून, मोजून, वर्गावर्गात वाटून झाली होती. तरी सोमवारी सकाळी सातला फाटकाशी नऊ पोरं दप्तरं घेऊन उभी. गणवेशाला कडक इस्त्री, केसांना चपचपीत तेल, आणि चौकीदार बिचारा सांगून सांगून थकला की बाबांनो घरी जा, आज शाळा नाही. त्याआधी खेळांच्या दिवशी पांढरे कॅनव्हासचे बूट घालून यायला लिहिलं होतं, तर निम्मा वर्ग काळ्या बुटांत. पालकसभेचं तर विचारूच नका. गुरुवारच्या सभेला चौघं जण शुक्रवारी आले, तेही हात जोडून, आम्ही लवकर तर नाही ना आलो, असं विचारत.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. नागपुरात कामठी रोडला लागून सिस्टर लोकांची एक छोटी प्राथमिक शाळा होती, पहिली ते चौथी, इंग्रजी माध्यमाची. गिरणीतले, रेल्वेतले, दुकानांत कारकुनी करणारे लोक पोटाला चिमटा घेऊन पोरांना तिथे घालत. प्रेमिला मिस चौथीच्या वर्गशिक्षिका. शिकवण्यात वाघीण, स्वभावानं तापट, पण मुलांवर जीव. शाळेची खबरबात घरोघर पोचवायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं होतं. दर महिन्याला ‘स्कूल न्यूज’ नावाचा पाठपोट कागद निघे. कोणता सण आहे, कोणती स्पर्धा आहे, कोण पहिलं आलं, कोणाचा डबा हरवला, सगळं त्यात. टाइपरायटरवर स्टेन्सिल कापायचं, सायक्लोस्टाइलच्या यंत्राचा दांडा फिरवायचा, आणि दोन दिवस बोटांची शाई घासत बसायचं, हे सगळं त्या एकट्या करत. कागद अर्थातच इंग्रजीत. प्रेमिला मिसचं इंग्रजी फार सुरेख होतं, आणि ते सुरेख आहे हे त्यांना माहीतही होतं.

लोक वाचत नाहीत म्हणून त्यांनी मागच्याच वर्षी एक युक्ती काढली होती. कागदाच्या तळाशी ठिपक्यांची रेघ, तिच्याखाली एक वाक्य, मराठीत सांगायचं तर ‘वरील मजकूर वाचला व समजला’, आणि पुढे पालकाची सही. चिठ्ठी फाडून दुसऱ्या दिवशी परत द्यायची. काय सांगू, दुसऱ्याच दिवशी एक्केचाळीस मुलांच्या वर्गातून एक्केचाळीस चिठ्ठ्या परत! मिसनी त्यांना रबर लावून कपाटात ठेवलं. आता कोणी म्हणून दाखवावंच, की आम्हाला माहीत नव्हतं.

आणि तरीही काळे बूट. तरीही फाटकाशी नऊ पोरं. सही करतात आणि वाचत नाहीत, या लोकांना पोरांची पर्वाच नाही, असं त्या शिक्षकांच्या खोलीत बसून बडबडत, आणि बाकीच्या शिक्षिका माना हलवत.

पण खरी गोष्ट बुटांची नव्हती. फेब्रुवारीच्या कागदात पाचव्या नंबरावर एक सूचना होती. चौथी झाली की मुलं रस्त्यापलीकडच्या सिस्टरांच्याच हायस्कुलात जात. पण तिथे बाहेरच्या मुलांची रांग लागलेली असे. म्हणून ज्यांना पाचवीत जागा हवी त्या पालकांनी फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारपर्यंत स्वतः येऊन फॉर्म भरावा. जे येणार नाहीत त्यांना जागा नको आहे असं धरलं जाईल. चिठ्ठ्या नेहमीप्रमाणे सगळ्या परत आल्या. फॉर्म भरायला चौतीस जण आले, काही तर शेजाऱ्यांकडून ऐकून. उरलेल्या सात जणांची बदली झाली असेल, म्हणून शाळेनं ती नावं सोडून दिली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पाचवीची यादी फळ्यावर लागली. गोपिका गजभिये यादीसमोर उभी राहिली. वर्गात गणितात पहिली, बोलण्यात चुणचुणीत, संत जोसेफच्या सणाच्या कार्यक्रमात स्टेजवरून घोषणा करायला मिसनी तिलाच निवडलेलं. तिनं यादी वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. मग मिसकडे येऊन हळूच विचारलं, “मिस, दुसरा कागद लागायचा आहे का? माझं नाव दुसऱ्या कागदावर असेल.”

दुसरा कागद नव्हता. मिसनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मनातल्या मनात तिच्या बापाला यथेच्छ शिव्या घातल्या.

तो बाप दुसऱ्याच दिवशी आला. शालिकराम गजभिये, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. अर्धी पाळी सोडून आलेला, सदऱ्यावर कापसाची तुसं तशीच. पोरीचं नाव राहून गेलं, काही तरी करा, असं तो फार अदबीनं म्हणाला. मिसनी कपाट उघडलं, चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, त्यातली एक शोधली आणि त्याच्यापुढे धरली.

“ही सही तुमची?”

त्यानं पाहिलं. इंग्रजीत ठळक, गोल अक्षरांत पूर्ण नाव, खाली एक रेघ. “माझीच हाय जी.”

“मग? वाचलं आणि समजलं असं लिहून दिलंत. समजलं होतं तर आला का नाहीत?”

शालिकराम चिठ्ठीकडे पाहत राहिला. काही तरी सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं आणि त्यानं ते गिळलं. “चुकलं जी माझं,” एवढंच म्हणून, नमस्कार करून तो निघून गेला. मिस जिंकल्या होत्या. पण त्या जिंकण्यात काही मजा नव्हती, आणि त्यामुळे त्यांचा राग आणखीच वाढला.

भीमाबाई व्हरांड्यात माठ भरत होत्या. शाळेत आयाबाई म्हणून त्या वीस वर्षं होत्या, अक्षरओळख शून्य, पण कोणाच्या घरी काय शिजतं ते सारं ठाऊक. गजभियांच्याच वस्तीत राहायच्या. माठावर झाकण ठेवून त्या आत आल्या.

“मिस, राग नका मानू. त्याले इंग्रजी येत नाही.”

मिसनी चिठ्ठी दाखवली. येत नाही कसं? ही सही काय भुतानं केली?

“थे सही गोपिकेनं शिकवली त्याले. ती दुसरीत होती तवा. दिवाळीच्या सुट्टीत बाप-लेक पाटी घेऊन बसत. मी पायलं ना डोळ्यानं. कोनीतरी त्याच्या डोक्यात भरवलं का ज्या मायबापाले इंग्रजी येत नाही त्यायच्या पोरायचं नाव कॉन्व्हेंटातून काढून टाकतात. म्हनून शिकला तेवढंच एक नाव.”

मग गोपिका कागद वाचून दाखवत नाही का, मिसनी विचारलं. भीमाबाई म्हणाल्या, दाखवते की. तिला उमजतं तेवढं दाखवते. सुट्टी, पिकनिक, प्राइझ. तुमच्या कागदातले मोठे मोठे शब्द तिला तरी कुठे उमजतात? फेब्रुवारीच्या कागदात घोषणा करणारी म्हणून तिचं नाव छापलं होतं. तेवढी एक ओळ त्या घरात पाच वेळा वाचली, शेजारच्यांना बोलावून वाचली, आणि कागद घडी करून तथागतांच्या फोटोमागे ठेवून दिला.

तरी मिस हरल्या नाहीत. समजत नव्हतं तर विचारायचं होतं. तोंड आहे ना? शाळा काय खाऊन टाकते?

“तुम्ही कवा इचारलं त्यायले?” भीमाबाईंनी शांतपणे विचारलं. “मिस, हाच शालिकराम रोज संध्याकाळी चहाच्या टपरीवर मराठी पेपर वाचून दाखवते. दहा-बारा मानसं बसून आयकतात. नुसतं वाचत नाही, समजावून सांगते. आन् तुम्ही म्हनता लोक वाचत नाहीत. वाचतील कशे? तुम्ही दार लावून घेतलं, आन् बाहेरच्याले म्हनता, आत काहून येत नाही गा!”

एवढं बोलून भीमाबाई घंटा द्यायला गेल्या. प्रेमिला मिस चिठ्ठी हातात धरून बसल्या, आणि त्यांना एकदम आपली आजी आठवली.

प्रयागबाई आजी नगरकडच्या एका खेड्यातली. मिशनच्या देवळात जन्मभर दर रविवारी गेली. त्या काळी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लॅटिनमध्ये चाले. फादर काय म्हणतात याचा एक शब्द आजीला कळत नसे, पण जागा आली की ती ठणठणीत आवाजात ‘आमेन’ म्हणे. मग काही वर्षांपूर्वी रोमहून हुकूम आला आणि मिस्सा मराठीत सुरू झाली. त्या रविवारी आजी ढसाढसा रडली. घरी येऊन म्हणाली होती, पोरी, साठ वर्षं मी आमेन म्हणत होते गं, आज कळलं कशाला म्हणत होते. साठ वर्षांत कोणी विचारलं नाही, की बाई, तुला समजतंय का? आणि तिनंही सांगितलं नाही, कारण बाकी सगळे आमेन म्हणत होते.

गठ्ठ्यातल्या एक्केचाळीस सह्या मिसनी पुन्हा एकदा पाहिल्या. बऱ्याचशा अशाच होत्या, गोल, ठळक, पोरांच्या अक्षरासारख्या. अरे देवा! ही युक्ती तर आपणच काढली होती!

त्या तशाच उठून मुख्याध्यापिका सिस्टर ॲग्नेस यांच्याकडे गेल्या. सिस्टर मंगळूरच्या, कडक पण न्यायी. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, पालक इथे मुलं इंग्रजीसाठीच घालतात. मराठीत कागद पाठवला तर तेच उद्या तक्रार घेऊन येतील. राहिल्या त्या सात जागा. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हायस्कूल बाहेरच्या मुलांना बोलावणार आहे. एकट्या गजभियेसाठी नियम मोडला तर बाकीचे काय म्हणतील? सातही जणांनी वाचल्याची सही दिली आहे. वाचता आलं नाही असं त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगावं, मग मी स्वतः रस्ता ओलांडून हायस्कूलच्या सिस्टरांकडे जाईन.

एवढंच ना? मिसना वाटलं, काम झालं. संध्याकाळी त्या भीमाबाईंना घेऊन घरोघर निघाल्या. आणि मंडळी, इथे जे झालं त्याचा संताप मला आजही येतो.

वामनराव कापडाच्या दुकानात कारकून. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि म्हणाले, “इंग्रजी येते ना आम्हाले. आम्हीच जागा नको म्हटलं. पोराले उमरेडले मामाकडे ठेवतो आता.” आतल्या दारात त्यांची बायको मनकर्णा उभी होती. तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर चहा सांडला असता. धोंडबा रेल्वेत खलाशी. तो म्हणाला, त्या आठवड्यात मला ताप होता, म्हणून राहिलं. एक जण म्हणाला चष्मा फुटला होता. एक बाई म्हणाली, आमचे हे घरी नाहीत. ते घरीच होते, पडद्याखाली त्यांचे पाय दिसत होते. सहा घरं फिरून झाली, सहाही घरांत सगळ्यांना इंग्रजी येत होतं. पोरांची शाळा सुटली तरी चालेल, पण चारचौघांत नाक खाली जाता कामा नये! काय म्हणावं या माणसांना?

सातवं घर शालिकरामचं. त्यानं मात्र खोटं सांगितलं नाही. मान खाली घालून म्हणाला, “सारे सांगत असतीन तर मी बी सांगीन. पन बाकीचे नाही म्हनून राहिले, तर मी एकट्यानंच काहून नाक कापून घेऊ? पोरीले शाळेत चिडवतील.”

मिस परत आल्या त्या अगदी वैतागून. भीमाबाईंना म्हणाल्या, ज्याचं जळतं तोच विझवायला तयार नाही, मी तरी किती धावू? भीमाबाई म्हणाल्या, “मिस, तुम्ही चूक आपली म्हनून एकडाव चारचौघांत सांगून पाहा. मोठं मानूस पयले खाली बसलं का लहानाले बसाची लाज वाटत नाही.”

सणाचा दिवस आला. मैदानात मांडव, समोर सतरंज्या, पुढच्या दोन रांगांना खुर्च्या. संध्याकाळी पाचला कार्यक्रम सुरू झाला. गोपिका पांढऱ्या फ्रॉकमध्ये माइकपाशी उभी राहून इंग्रजीतून खणखणीत घोषणा करत होती, आणि आठव्या रांगेत शालिकराम दर घोषणेला टाळ्या वाजवत होता. एक अक्षर न समजता. तिसऱ्या नाचानंतर प्रेमिला मिस स्टेजवर आल्या. त्या माइकवरून तोवर कोणी मराठीत बोललं नव्हतं. त्या मराठीत बोलू लागल्या.

त्यांनी आजीची गोष्ट सांगितली. मग हातातला फेब्रुवारीचा कागद वर धरला. म्हणाल्या, “हा कागद मी लिहिला. खालची सहीची चिठ्ठीही मीच काढली. तुम्हाला समजेल की नाही हे मी एकदाही विचारलं नाही, उलट तुम्हालाच बेपर्वा म्हटलं. चूक माझी आहे. या कागदामुळे चौथीतल्या सात मुलांची जागा जाते आहे. हा कागद ज्यांना वाचता आला नाही, त्यांनी कृपा करून उभं राहावं.”

कोणी उभं राहिलं नाही. वामनराव मांडवाचं छत निरखू लागले. धोंडबानं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. पुढच्या रांगेतला एक टायवाला गृहस्थ शेजाऱ्याकडे पाहून हसला. सिस्टर ॲग्नेसनी घड्याळ पाहिलं. एक मिनिट गेलं. मिसनी कागद खाली घेतला आणि खिन्नपणे गोपिकेला पुढची घोषणा करायची खूण केली.

गोपिका माइकपाशी आली. हातात घोषणेचा कागद होता, पण तिनं तो वाचला नाही. ती आठव्या रांगेकडे पाहत उभी राहिली. ती रडत नव्हती, काही मागत नव्हती, नुसती पाहत होती.

शालिकराम उठला!

“मी शालिकराम गजभिये. हे माझी पोरगी हाय.” आवाज आधी फाटला, मग स्थिर झाला. “मले इंग्रजी येत नाही. सही तिनंच शिकवली मले. चार वर्षांत शाळेचा एकबी कागद मी वाचला नाही, आन् चिठ्ठी निघाली तवापासून दर डाव वाचला म्हनून लिहून देल्लं. मराठी मले चांगली येते. मराठीत असता तर मी पयल्या दिवशी आलो असतो. मिसची चूक असंन, पन माझी बी हाय. मी इचारलं नाही. माझ्या लाजेपायी पोरीचं नाव राहिलं.”

मग बायकांच्या बाजूनं मनकर्णा पदर सावरत उभी राहिली. नवऱ्याकडे न पाहताच म्हणाली, “आमाले बी येत नाही. आन् उमरेडले आमचा कोनी मामा गिमा नाही!”

सारा मांडव हसला, आणि त्या हसण्यात सगळ्यांच्या मनावरचं दडपण उतरलं. धोंडबा उभा राहिला. चष्मा फुटलेला उभा राहिला. पडद्यामागचे पायही उभे राहिले. वामनराव सगळ्यांत शेवटी उठले, पण उठले. मग सातावर कोणी थांबेना. पहिलीचे, दुसरीचे पालक उभे राहू लागले, आणि बघता बघता अर्ध्याहून जास्त मांडव उभा होता. त्यांच्या सगळ्यांच्या सह्या शाळेच्या कपाटात रबर लावून ठेवलेल्या होत्या.

सिस्टर ॲग्नेस खुर्चीतून उठल्या. कार्यक्रम संपायची वाट न पाहता, झगा सावरत, त्या फाटकातून बाहेर पडल्या आणि रस्ता ओलांडून हायस्कूलच्या दिशेनं चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपिका शाळेत आली, तेव्हा फळ्यावर यादीच्या खाली दुसरा कागद लागला होता. हातानं लिहिलेला, सात नावांचा. तिनं तो वरून खाली वाचला. मग बापाला हात धरून फाटकाच्या आत आणलं आणि त्यालाही वाचायला लावला. नावं मराठीत लिहिली होती.

एप्रिलची ‘स्कूल न्यूज’ निघाली ती एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी. मराठी बाजू स्टेन्सिलवर जाण्याआधी मिसनी शालिकरामला वाचायला दिली होती, आणि त्यानं दोन जड शब्द काढून सोपे घातले. तळाची चिठ्ठी राहिली, पण तिच्यावर एक ओळ वाढली: ‘काही समजलं नसेल तर इथे फुली मारा, आम्ही घरी येऊन सांगू.’ फुली मारलेली पहिली चिठ्ठी कोणाची आली असेल? पुढच्या रांगेतल्या त्या टायवाल्या गृहस्थांची! प्रेमिला मिस हसल्या नाहीत. त्या शाईची बोटं धुऊन भीमाबाईंबरोबर त्यांच्या घरी गेल्या.

तर मंडळी, गोष्ट एका शाळेची असली तरी चिठ्ठ्या सगळीकडेच आहेत. कचेरीत, बँकेत, दवाखान्यात रोज कोणी तरी न समजलेल्या कागदावर सही करतो आणि गुपचूप घरी जातो. तुम्ही टेबलाच्या अलीकडे असाल तर बेधडक विचारा, आपल्याला कळत नाही हे सांगण्यात कमीपणा नाही. आणि टेबलाच्या पलीकडे असाल, तर सही घेण्याआधी समोरच्याला एकदा तरी विचारा, की बाबा रे, समजलं का? कारण त्या सहीखाली कुठल्या तरी गोपिकेचं नाव राहून जात असतं, आणि दुसरा कागद दर वेळी लागतोच असं नाही.